‘कारण काहीही सांगा, लोक ऐकतात’: या दाव्यातलं खरं किती?

“विनंतीला ‘कारण’ जोडा, मग ते कितीही फुटकळ असो, ९३ टक्के लोक हो म्हणतात.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. आधार म्हणून मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि सहकाऱ्यांचा १९७८चा झेरॉक्स मशीनचा प्रयोग दाखवला जातो. प्रयोग खरा आहे, पण सांगितला जातो अर्धाच.

“९३ टक्के लोक हो म्हणतात.” छोट्या कामाला, हो. मशीनवर उभ्या माणसाला ‘मला आधी करू द्याल का?’ असं तीन तऱ्हांनी विचारलं गेलं: नुसतंच, ‘कारण मला कॉपी काढायच्यात’ म्हणून आणि ‘कारण मी घाईत आहे’ म्हणून. होकार आले अनुक्रमे ६०, ९३ आणि ९४ टक्के. म्हणजे काहीही कारण न देता निम्म्याहून जास्त लोक तयारच होते. हा ६०चा आकडा फॉरवर्ड करणारे नेमका गाळतात.

“कारण कितीही फुटकळ असो.” इथे दावा कोसळतो. विचारणाऱ्याची पानं समोरच्याच्या पानांपेक्षा जास्त असली की विनंती मोठी धरली होती. तेव्हा विनाकारण होकार २४ टक्के आणि पोकळ कारणालाही २४च. खऱ्या कारणाला ४२. थांबावं लागणार म्हटल्यावर माणूस नीट ऐकतो, आणि ‘कॉपी काढायच्यात’ यात सांगण्यासारखं काही नाही हे त्याला कळतं.

“सिद्ध झालंय.” छोट्या विनंतीच्या गटांत जेमतेम १५-१६ माणसं होती. ६० टक्के म्हणजे १५ पैकी ९, ९३ टक्के म्हणजे १५ पैकी १४. फरक पाच माणसांचा! (४२ टक्केही २४ पैकी १०च, तोही आकडा जपूनच वापरावा.)

“जादू ‘कारण’ या शब्दातच आहे.” हे तपासलंच नव्हतं. त्यासाठी ‘मी घाईत आहे, आधी करू द्याल का?’ असा, तो शब्द वगळून विचारलेला चौथा गट लागला असता. तो नव्हता.

शिवाय हे सगळं समोरासमोर, अनोळखी माणसाशी, काही मिनिटांच्या कामासाठी घडलं. त्यावरून ईमेलने पगारवाढ मागायचं सूत्र काढणं म्हणजे ओढूनताणून आणलेला अर्थ. मोठं काम मागायचं असेल तर किती वेळ लागेल ते आधी सांगा, मग खरं कारण एका वाक्यात; आणि ‘जमत नसेल तर तसं सांगा’ हे मनापासून म्हणा. पोकळ कारण दुसऱ्यांदा ऐकणारा सहकारी पुढच्या वेळी खऱ्या कारणावरही शंका घेऊ शकतो.