सकर फिश नको, असं का म्हणालो

नमस्कार. माशांच्या लहान टाकीत शेवाळ खायला सकर फिश, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, सोडू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की तुमच्या दोन फुटी टाकीत सकर वर्षभर काच लख्ख ठेवतोय आणि मी नवख्यांना उगाच घाबरवतोय.

तुमचा अनुभव मला पटतो. लहान सकर दिवसभर काच खरवडतोच. पण नेहमी विकला जाणारा सकर फूटभराच्याही वर वाढतो. मोठेपणी त्याला तळाला पडलेलं खाद्य जास्त आवडतं, शेवाळाकडे तो फारसा वळत नाही. त्यात त्याची विष्ठा भरपूर; तिच्यातून पाण्यात नायट्रेट वाढतं आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. माझा आक्षेप आहे तो एवढाच. सकरच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो साधारण 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो.

‘मग दुसरं काय ठेवायचं?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण आधी शेवाळ कोणतं ते बघा. काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांना नेराइट गोगलगाय चांगली. गोगलगायी टाकीभर होतात ही तुमची भीती तिच्या बाबतीत नको. तिची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत, फक्त अंड्यांचे पांढरे ठिपके चिकटून राहतात. तंतूंसारख्या शेवाळाला अमानो कोळंबी घ्या, मात्र तांबं असलेलं औषध टाकीत कधीही टाकू नका. काळ्या झुपक्यांसारख्या शेवाळाला सियामीज अल्गी ईटर हा मासा. इथे फसगत फार होते, कारण त्याच्या नावाखाली चायनीज अल्गी ईटर विकला जातो आणि तो मोठा झाला की चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांना जखमी करतो. खऱ्या सियामीजचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो, तेवढं बघूनच घ्या.

ओटोसिन्क्लसबद्दल मला फार वाटतं. इवलासा, निरुपद्रवी मासा, पण नव्या टाकीत शेवाळाचा तपकिरी थर दिसला की लोक तो आणतात. थर संपतो आणि मासा उपाशी मरतो. टाकी काही महिने मुरल्यावर पाच-सहा एकत्र आणा आणि उकडलेली काकडी देत जा.

हिरवंगार पाणी किंवा निळसर-हिरवा बुळबुळीत थर यांवर मात्र यातला कोणीच कामाचा नाही. दिवा सहा-सात तासांवर आणा, खाद्य कमी करा, पाणी नियमित बदला.

आणि तुमचा सकर टाकीत मावेनासा झाला तर मोठी टाकी असणाऱ्याला द्या, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. असे सोडलेले सकर काठात बिळं करतात आणि तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठतात.