नाकं मोजा हो, नावं काय मोजता!

हो, कुठलं जनावर पाळायचं ते ठरवावं सरकारनं. खुशाल ठरवावं. नेदरलँड्सनं 1 जानेवारी 2026पासून बिनकेसांची आणि दुमडलेल्या कानांची मांजरं पाळायलाच बंदी केली, ही बातमी आल्यापासून आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्या प्राणिप्रेमींना स्वातंत्र्याचा असा काही उमाळा आलाय की विचारू नका. ‘उद्या घरात भाजी कुठली करायची तेही सांगतील!’ ‘त्या लोकांना कामधंदा नाही.’ ‘अहो पण किती गोड दिसतात ती!’ आणि एकानंही बातमी पहिल्या दोन ओळींपुढे वाचलेली नाही, पैज लावते.

कोणाच्या मांडीवरचं मांजर कोणी हिसकावून नेत नाहीये. त्या तारखेआधी जन्मलेलं, कातडीखाली ओळखीची चिप बसवलेलं मांजर मरेपर्यंत मालकाकडेच राहणार आहे. पैदास तर तिथं 2014पासूनच बेकायदा होती. पण बाहेरून विकत आणायची वाट उघडी होती, ती आता बुजवली, एवढंच. यात हुकूमशाही कुठे दिसली तुम्हाला?

आणि ‘गोड’ म्हणजे काय ते तरी समजून घ्या. स्कॉटिश फोल्डचा कान का दुमडतो? कारण त्याची कूर्चाच, म्हणजे मऊ लवचीक हाडच, सदोष आहे. तीच कूर्चा गुडघ्यात, घोट्यात, शेपटीत. कान तेवढा वाकडा आणि बाकी सगळं ठणठणीत, असं होत नसतं. 1961 साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची मांजरी सापडली, तिच्यापासून ही सगळी वंशावळ. 1970च्या दशकातच ब्रिटनमधल्या मांजरांच्या मुख्य नोंदणी संस्थेनं या जातीची नोंद घेणं थांबवलं होतं. पन्नास वर्षं झाली! आणि आपण आज रील बघतोय आणि म्हणतोय, ‘अय्या, किती शांत बसलंय.’ सांधे दुखतायत त्याचे. शांत बसेल नाही तर काय करेल?

स्फिंक्सचं तेच. टोरांटोत 1966 साली एक बिनकेसांचं पिल्लू जन्मलं आणि माणसाला वाटलं, वा, काहीतरी नवीन. या मांजरांना मिश्या एकतर नसतात किंवा तुटक्या खुंटासारख्या असतात. आता मांजराच्या मिश्या म्हणजे काय दागिना आहे? अंधारात चाचपायला, फट किती रुंद आहे ते जोखायला त्या असतात. 2015 साली बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयापुढे अशाच एका स्फिंक्स बोक्याचं प्रकरण आलं. मिश्यांविना मांजर जन्माला घालणं म्हणजे त्याला एका इंद्रियाविना जन्माला घालणं, हे न्यायालयानं मान्य केलं आणि पैदास बंद करून बोक्याची नसबंदी करायचा आदेश कायम केला. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात अशा पैदाशीसाठी वेगळं कलमच आहे, 11 ब. आमच्याकडे कलम सोडा, कल्पनासुद्धा नाही.

बिनकेसांच्या कुत्र्यांबाबत मात्र मी जरा अडखळते, ते सांगून टाकते. मेक्सिकोचा शोलो, पेरूचा बिनकेसांचा कुत्रा, चायनीज क्रेस्टेड, या तिन्हींत एकाच जनुकातला बदल आहे, फॉक्स-आय-3. आईबापांपैकी एकाकडून आला तर केस जातात आणि दातही कमी येतात. दोघांकडूनही आला तर पिल्लू पोटातच मरतं. म्हणजे दोन बिनकेसांची कुत्री जुळवली की सरासरी चारांतलं एक पिल्लू जगात येण्याआधीच गेलं. हे ऐकलं की अंगावर काटा येतो. पण दुसरीकडे हे कुत्रे कोणी परवा इन्स्टाग्रामसाठी घडवलेले नाहीत. पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाच्या जुन्या थडग्यांत मातीचे गुबगुबीत कुत्रे सापडतात, शोलोचा वारसा तिथवर नेतात लोक. पेरूनं 2001 साली आपल्या कुत्र्याला कायद्यानं राष्ट्रीय वारसा ठरवलंय. एका देशाचा वारसा, दुसऱ्या देशात छळाची पैदास. यावर वाद घाला, जरूर घाला, मी ऐकेन. पण पगवर वाद घालू नका माझ्याशी. तिथं माझा संयम संपतो.

कारण पग माझ्या घरी येतात. सोडून दिलेले, ‘आम्ही शिफ्ट होतोय’वाले, ‘बाळाला अ‍ॅलर्जी आहे’वाले, आणि सगळ्यात जास्त ‘डॉक्टरचा खर्च झेपत नाही’वाले. मी पुण्यात अशी कुत्री नवं घर मिळेपर्यंत सांभाळते. मोबाईल कंपनीच्या त्या जाहिरातीतला पग पोराच्या मागे मागे धावायचा ना? माझ्याकडचे पग जिन्याच्या सहा पायऱ्या चढले की जीभ निळसर पडते. नाकपुडीच्या जागी नुसती चीर. रात्रभर घर्र घर्र. आणि मालक कौतुकानं सांगणार, ‘घोरतो बघा आमचा राजा, अगदी आजोबांसारखा.’ अहो, घोरत नाहीये तो, गुदमरतोय! एकदा नाक दाबून सरबताच्या स्ट्रॉमधून श्वास घेत सोसायटीला एक फेरी मारून या, मग सांगा मला राजा कसा झोपतो ते.

फ्रेंच बुलडॉग तर आता स्टेटस आहे. पर्शियन मांजरात ‘पंच फेस’ जास्त महाग, ‘डॉल फेस’ स्वस्त. म्हणजे तोंड जितकं चेपलेलं, तितका भाव चढा. लॅब ‘हेवी बोन’ हवा. पॉम ‘टीकप’ हवा. नागपूरच्या मे महिन्यात हस्की हवा, आणि त्याच्यासाठी एसी लावला की आपण त्याच्यावर केवढे उपकार केले! ‘विथ पेपर’, म्हणजे वंशावळीच्या दाखल्यासह, इतके, ‘विदाउट पेपर’ इतके. आणि हा सगळा बाजार उघड्यावर, फोनवर, एखाद्या बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये. एक कुत्री पिंजऱ्यात, तिला वर्षाकाठी दोनदा वेत. दूध आटलं की ती कुठे जाते ते विचारू नका, माझ्याकडे त्यातल्याही आलेल्या आहेत.

याच्यावर डच लोकांनी काय केलं माहितेय? पट्टी काढली. 2019 साली उत्रेख्त विद्यापीठातल्या लोकांकडून सरकारनं निकष बनवून घेतले. नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्यापासून पैदास नाही. बसल्याजागी श्वासाचा आवाज येतो का, नाकपुड्या चेपलेल्या आहेत का, नाकावरची घडी डोळ्याला लागते का, डोळे बाहेर आलेत का, पापणी पूर्ण मिटते का. तपासा. जातीचं नाव काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, समोरचं जनावर श्वास घेऊ शकतं का, एवढाच प्रश्न. नॉर्वेत तर प्राणिसंरक्षण संघटनेनं केनेल क्लबलाच, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेलाच, कोर्टात खेचलं. 2022च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयानं इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स दोघांची पैदास बेकायदा ठरवली. अपिलात बुलडॉग सुटला, मला तो निकाल अजिबात पटलेला नाही, पण कॅव्हेलियरचं 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिलं. कवटी लहान, मेंदूला जागा अपुरी, हृदयाच्या झडपा निकामी. जात जपायची तर बाहेरचं रक्त आणा, म्हणाले. किती साधं आहे!

आणि आपण? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

12 मार्च 2024. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं पत्र सगळ्या राज्यांना: या 23 ‘हिंस्र’ जातींची आयात, विक्री, पैदास बंद करा, आणि घरात आहेत त्यांची नसबंदी करा. मी ती यादी वाचली आणि कपाळावर हात मारला. त्यात ‘टोसा इनू’ आहे. पुढे ‘जॅपनीज टोसा’ही आहे. एकच कुत्रा, दोनदा. मग ‘मास्टिफ्स’, सगळे. मग ‘टेरियर्स’. सगळे! म्हणजे पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा हिंस्र. त्याच्यापेक्षा आमच्या पार्किंगमधली मांजर जास्त हिंस्र आहे. शेवटी वर ‘बॅन डॉग’ या प्रकारातला प्रत्येक कुत्रा. इंग्लिश बुलडॉग, पग, पर्शियन मांजर यांचं नाव नाही, कारण ते माणसाला चावत नाहीत. स्वतःच मरतात, बिचारे.

त्या आठवड्यात माझा फोन थांबला नाही. ‘मॅडम, रॉटवायलर ठेवून घ्या.’ ‘पोलीस येतील का हो?’ ज्यांना कुत्र्याचा कंटाळाच आला होता त्यांना आयतं निमित्त मिळालं. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नाही म्हणून. दिल्लीतही तेच, मग सरकार हरकती मागवायला बसलं. पण तोवर रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यांना कोणी परत नेलं नाही. त्यांच्यासाठी कुठलं न्यायालय?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? नियम आहेत. आपल्याकडे आहेत! 2017 सालचे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम. ब्रीडरनं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय नाही, 8 वर्षांनंतर नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, चिप बसवल्याशिवाय विकायचं नाही. वाचलं तर डोळ्यांत पाणी येईल इतकं चांगलं लिहिलंय. शेडवाल्याला विचारा नोंदणी क्रमांक काय, तो तुम्हाला चहा पाजेल आणि विषय बदलेल. तक्रार करायला जा, तर समोरचा माणूस विचारतो, ‘कुत्रं चावलं का?’ नाही चावलं. ‘मग काय तक्रार आहे तुमची?’ आणि या सगळ्याच्या वरचा 1960चा क्रूरता प्रतिबंधक कायदा. प्राण्याचा छळ, पहिला गुन्हा, दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपये! पिल्लाच्या गळ्यातली घंटी येत नाही एवढ्यात. पिल्लू विकायचं चाळीस हजाराला आणि दंड एका वडापाव-चहाचा.

या नियमांत नाकाच्या लांबीबद्दल अक्षरही नाही, ते वेगळंच. ते लिहायला काय फार अक्कल लागत नाही, डचांनी लिहून ठेवलंय, पट्टीसुद्धा आपल्याकडे मिळते. पण आपल्याला जातींच्या नावांची यादी करायला आवडते. यादी केली की काम झाल्यासारखं वाटतं. आणि लोकांना यादीविरुद्ध बोंब मारायला आवडते. लातूर-सोलापूरकडचा कारवान हाउंड बघा, हे लांब नाक, छाती भरून श्वास, उन्हातान्हात पळणारा. तो कोणाला नको. ‘दिसायला रोड आहे हो.’ रोड नाहीये, धड आहे!

काल संध्याकाळी एकाचा मेसेज आला, फ्रेंच बुलडॉग हवाय, नाक ‘एकदम आत’ असलेला, बजेटची चिंता नको. मी त्याला 2017च्या नियमांची पीडीएफ पाठवली, खाली लिहिलं की नोंदणी असलेल्या ब्रीडरकडेच जा आणि आधी त्याच्याकडची कागदपत्रं मागा. तासाभरानं उत्तर आलं: ‘ओके मॅडम. विदाउट पेपर पण चालेल.’