सात नंबरची ट्रेन आणि दोन नंबरचा कट

न्यू यॉर्कमध्ये सातशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात म्हणे, आणि त्यातल्या निम्म्या तरी लोक माझ्याशी बोलतात. चूक माझ्या चेहऱ्याची आहे. क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला 74व्या स्ट्रीटवर उतरलं की इक्वाडोरचे आजोबा मला स्पॅनिशमध्ये पत्ता विचारतात, मोमोवाला नेपाळीत 'दाइ' म्हणजे दादा म्हणतो, पटेलांच्या दुकानात गुजराती ठरलेलीच. मराठीत मात्र कोण्णी नाही.

त्या शनिवारी मला दोनच कामं होती, कोथिंबीर आणि केस.

कोथिंबिरीसाठी 73व्या स्ट्रीटवर बांगलादेशी दुकानात शिरलो. "भाई, की लागबे?" लागबे म्हणजे लागेल! मी कोथिंबिरीकडे बोट दाखवलं, तो "धोनेपाता" म्हणाला, म्हणजे धन्याचीच पानं की हो. मला एकदम साक्षात्कार झाला की बंगाली म्हणजे आपलीच भाषा, फक्त अ चा ओ करायचा. इथे 2013 पासून मतपत्रिकाही बंगालीत मिळते, इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, कोरियन यांच्या जोडीला. भारतीयांसाठी एक भाषा द्यायची ठरली तेव्हा तिचा नंबर लागला. मराठीचं नाव कोणी घेतलं असेल असं वाटत नाही, पण ते असो.

तर या ज्ञानाच्या धुंदीत मी जुडी घेऊन रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरच्या एका सलूनमध्ये जाऊन बसलो. डोक्यावर लोखंडी पूल, त्यावरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि ती जाईस्तोवर खाली सगळ्यांची बोलणी अर्ध्यावर थांबतात. न्हाव्याने काहीतरी विचारलं, नेमकी तेव्हाच ट्रेन आली, आणि ती गेल्यावर शेवटचा शब्द तेवढा कानावर पडला, "कोर्तो?"

अ चा ओ! म्हटलं बंगाली दिसतोय, 'करतो' म्हणतोय बिचारा, सुरू करू का विचारतोय. मी पण त्याच्याच ढंगात मान डोलवून म्हणालो, "कोर्तो, कोर्तो!"

त्याने जरा चमकून पाहिलं. मग मशीन हातात घेऊन म्हणाला, "दोस?" मला वाटलं दोस्त म्हणतोय, दोस्ताला नाही कोण म्हणणार?

कोर्तो म्हणजे स्पॅनिशमध्ये आखूड आणि दोस म्हणजे दोन, हे मला घरी येऊन फोनवर बघितल्यावर कळलं. दोन नंबरचं मशीन म्हणजे डोक्यावर सहा मिलिमीटर शिल्लक, आणि ते मी स्वतःच्या तोंडाने दोनदा मागितलं होतं. वर टिप देऊन आलो.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईने मला पाहिलं आणि मागे सरकून बाबांचा दंड धरला. "अरे, कोण गेलं?"

"कोणी नाही गं, केस कापले."

"मग रडतोयस का?"

रडत नव्हतो, बायको शेजारीच कोथिंबिरीबरोबर आणायला सांगितलेला कांदा कुठाय म्हणून विचारत होती.

रविवारी फ्लशिंगच्या गणपतीला गेलो. देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोशाच्या रांगेत पुढे एक आजी होत्या. त्यांनी माझ्या टकुऱ्याकडे पाहिलं, चेहरा एकदम मवाळ झाला आणि तेलुगूत की तमिळमध्ये भरभरून बोलायला लागल्या. मला कळलं ते एकच, "तिरुपती?"

आता सगळं सांगत बसायला माझ्याकडे भाषा कुठली? मी हात जोडले आणि तोंडातून स्पॅनिशमधलं 'हो' निघून गेलं, "सी, सी."

आजींनी वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रांगेत मला पुढे जाऊ दिलं.