खवलं काढून दिली म्हणे, फुकट!

मावशी, हात लावू नका, आहे तशी पिशवीत घाला, खायची नाही, कातडी भरून भिंतीवर लावायचीय. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, उपयोग शून्य. सुट्टे पैसे काढायला मान खाली घातली तेवढ्यात खर्र खर्र! हिडकल धरणातली पाऊण किलोची चिलापी, एक खवला हलला नव्हता, बघता बघता नागडी. पोट फाडलेलं, कल्ले उपसलेले, पोहायचे पर मुळासकट साफ. वर प्रेमानं, "खवलं बी काढून देतो की, ज्यादा पैसे नको!" घ्या, करा कालवण. भरायला शिल्लक काय राहिलं?

यात पोटाला सुरी लागलीच नाही पाहिजे. चीर द्यायची ती भिंतीकडं जाणाऱ्या कुशीवर, कल्ल्यामागून शेपटीपर्यंत, मधल्या रेघेनं. दिसणाऱ्या कुशीला नखसुद्धा लागता कामा नये. पर आतून कात्रीनं सोडवायचे, बुडखा ठेवून, नाहीतर कातडीला भोक. कातडी सारखी ओली ठेवायची, सुकली की खवले उभे राहतात. गालातलं मांस आणि डोळ्यांमागची चरबी राहिली तर आठवड्यात घरभर दवंडी. आणि म्हणे, बांगड्यावर हात बसवा, स्वस्त पडतो. कोण सांगतं हे? पातळ कातडी, तेलकट अंग, नवशिक्याला रडवायलाच जन्माला आलाय तो.

कातडी टिकवायला टाकणखार (बोरॅक्स) मागितला की दुकानदार कॅरमची बोरिक पावडर पुढं करतो. अहो, लिटरभर पाण्यात चाळीस-पन्नास ग्रॅम टाकणखार, एवढीच मागणी आहे. काचेचे डोळे मागवले तर पार्सल कोल्हापुरात लोळत पडतं, कारण कुरिअरवाल्याला बेळगाव नक्की कुठल्या राज्यात ते ठरवता येत नाही. साठ-सत्तर वर्षांत मोठमोठ्यांना ठरवता आलं नाही, त्याला काय बोलायचं! पिशवी उघडली तर आत बाहुलीचे गोल डोळे. माशाच्या डोळ्यातली काळी बाहुली पुढच्या बाजूला जराशी निमुळती असते हो!

आणि ते परदेशी व्हिडिओवाले. थर्माकोलवर कातडी चढवा, शिवा, पर पुठ्ठ्यात धरून चिमटे लावा, दोन-तीन आठवडे वाळू द्या. जुलैत? बेळगावात? इथं चड्ड्या वाळत नाहीत. घाई करून बल्ब लावला की पर वाकडे, डोक्याची कातडी चिरलेली. पंखा लावावा तर लाईट जाते. फ्रीझरमधला पुढचा मासा तोवर बर्फ सुटून पोट फुगवून बसलेला, खवले हाताला येतात.

याच कर्नाटकात, म्हैसुरात, व्हॅन इंगेन मंडळींनी शतकभर वाघ-बिबटे भरले. त्यांच्यातल्या डी वेटनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर मासा धरला. आणि इथं पाऊण किलोसाठी रक्त आटवायचं, तेही कशासाठी, तर चिलापी!

बरं, वाळल्यावर रंग राहतो म्हणता? सगळं मातकट. म्हणून मासा ओला असतानाच फोटो काढून ठेवायचे, डोक्याभोवती आणि परांच्या मुळाशी आकसलेल्या जागी एपॉक्सी पुट्टी भरायची, मग अॅक्रिलिकचे पातळ हात एकावर एक. जाड मारला की खवल्यांच्या कडा बुजल्या, मासा प्लास्टिकचा. एवढं सगळं जमलं तरी पाहुणा दारातूनच विचारणार, "ह्यो तळायचा राहिला काय?"