४२० भाकऱ्या आणि ४२० नंबरची मुद्रा

इसवी सनापूर्वी २३५० च्या आसपासचा मेसोपोटेमियातला (आजच्या इराकमधला) एक कोरीव लेख आहे. लगाश नावाच्या नगरराज्याचा राजा उरुकगिना त्यात सांगतो की, आपण गादीवर येण्याआधी माणूस मेला की अंत्यविधी करणारा घरच्यांकडून ७ घागरी बिअर आणि ४२० भाकऱ्या घ्यायचा. शिवाय धान्य, एक लोकरी वस्त्र, एक बोकड आणि खाटही उचलून न्यायचा. आपण ते ३ घागरी आणि ८० भाकऱ्यांवर आणलं, असं राजा म्हणतो. (आकडा खरंच ४२० आहे, पदरचा घातलेला नाही.)

त्याच लेखातली दुसरी तक्रार तर आणखी झकास आहे. देवाचे बैल राज्यकर्त्याचे कांद्याचे वाफे नांगरत होते आणि देवाच्या सगळ्यात कसदार जमिनीत राज्यकर्त्याचे कांदे-काकड्या लागत होत्या! देवस्थान इनाम जमिनींचं पुढे काय काय होतं हे ज्यांनी आपल्या तालुक्यात पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही. अर्थात राजाने स्वतःच कोरून घेतलेली ही स्वतःची स्तुती, तेव्हा सुधारणा कितपत झाली कुणास ठाऊक. काही वर्षांतच शेजारच्या उम्माच्या लुगालझागेसीने लगाश देवळांसकट लुटलं. पण आधीचे दर प्रजेला तोंडपाठ असणार, त्यात थाप मारून चाललं नसतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की, आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या धर्माचा विषय निघाला की गाडी थेट मोहेंजोदारोच्या एका मुद्रेवर (कोरीव शिक्क्यावर) बसलेल्या आकृतीवर जाते. ‘तो शंकरच आहे’ आणि ‘तो शंकर नाहीच’ अशा दोन पार्ट्या पडतात आणि रात्री बारापर्यंत फॉरवर्ड चालू राहतात. मला हा प्रश्नच फार छोटा वाटतो. जुन्या समाजाचा धर्म कळायचा असेल तर देवाचं तोंड कसं होतं यापेक्षा त्या देवाच्या नावाने कोण किती गोळा करत होतं आणि मेल्यावर कुणाला काय मिळत होतं, हे बघावं.

मेसोपोटेमियात हे बघता येतं, कारण तिथे हिशेब सापडलाय. उरुक शहरात इनान्ना देवीच्या आवारात इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. जगातल्या सर्वांत जुन्या लिखाणात त्यांची गणना होते, आणि त्यांवर बहुतेक काय आहे? सातू, बिअर, मेंढ्या. स्तोत्रं पुष्कळ नंतर आली. देवळाकडे जमीन होती, कळप होते, विणकाम करणाऱ्या बायका होत्या. इ.स.पू. २१०० च्या आसपास राबणाऱ्या पुरुषाला महिन्याला साधारण ६० लिटर सातू मिळायचे आणि बाईला ३०. देऊळ म्हणजे कोठार, कचेरी आणि मालक, सगळं एकाच छपराखाली. राजाला शहर मुठीत ठेवायचं असेल तर देऊळ हाताशी लागायचंच. अक्कडच्या सारगॉन राजाने आपली मुलगी एनहेदुआन्ना हिला उर शहरातल्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण केलं, ते केवळ भक्तीपोटी नसावं.

आणि उरची थडगी! पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांनी १९२० च्या दशकात ती खणली. एका खड्ड्यात ७४ सांगाडे होते, त्यांतले ६८ बायकांचे. मालकासोबत परलोकात पाठवलेले हे सेवक. त्याच दफनभूमीत सिंधूच्या प्रदेशातून गेलेले कार्नेलियन नावाच्या दगडाचे लांबट लाल मणी आहेत. म्हणजे सिंधूकाठच्या कारागिराचा माल तिथे पोचला होता आणि मेसोपोटेमियाचे लोक ‘मेलुहा’च्या जहाजांबद्दल लिहीत होते. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

आता त्या मेलुहात या. मोहेंजोदारोत, हडप्प्यात निर्विवाद म्हणता येईल असं एकही देऊळ नाही. राजवाडा नाही. उरसारखं राजेशाही थडगं नाही. हडप्प्याच्या दफनांत मडकी, शंखाच्या बांगड्या, थोडे मणी असतात. ज्याच्या भट्टीतून उरच्या राणीला शोभेल असा मणी निघतो, त्याच्या गावात कुणी तसा खजिना सोबत घेऊन पुरलं जात नाही. माझ्या मते सिंधू संस्कृतीत धर्माबद्दल सांगणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्याऐवजी आपण उत्खनन करणाऱ्यांनी दिलेली नावं घेऊन बसतो. साडेसतरा सेंटिमीटरचा एक दगडी अर्धपुतळा सापडला, त्याला ‘पुरोहित राजा’ म्हणून टाकलं. तो पुरोहित होता, राजा होता की कुणी सधन व्यापारी, याचा कागद नाही. १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, डांबराचा थर देऊन पाणी अडवलेला तो सुंदर हौद ‘महास्नानगृह’ झाला. विधीसाठी असेल, मला तरी तसंच वाटतं. पण वाटणं वेगळं आणि शाळेच्या पुस्तकात छापणं वेगळं.

आणि ती मुद्रा. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन, उत्खननाच्या यादीत क्रमांक ४२० (पुन्हा!). शिंगांचा मुकुट घातलेली बसलेली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, रेडा. १९३१ साली पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी तिच्यात शिवाचं आदिरूप पाहिलं, आणि तेव्हापासून ती ‘पशुपती’ आहे. नंतर अभ्यासक डोरिस श्रीनिवासन यांनी तो चेहरा माणसाचा नसून रेड्याचा असल्याचं मांडलं. वर कोरलेली लिपी आजही वाचता येत नाही.

मोह कुणालाही होईल, हे मान्य. आपल्याच नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार जड वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मुद्रेवरच्या चारपैकी तीन जनावरं! दायमाबादला उत्तर हडप्पा (म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या) काळाचा थरही आहे. दोन्ही जोडून ‘पशुपती प्रवरेपर्यंत आला’ अशी पोस्ट पाच मिनिटांत लिहून होईल, आणि माझ्या या पोस्टपेक्षा दसपट चालेल. पण त्या वस्तूंचा काळ कोणता यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, कारण त्या शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत.

दुसऱ्या टोकाच्या मित्रांनीही फार खूश होऊ नये. देऊळ नाही, राजा नाही, म्हणजे सगळे समान आणि सुखी, हेही तितकंच घाईचं. मोहेंजोदारोत मोठी घरं आहेत आणि एकदोन खोल्यांची खुराडीही आहेत. शहरात ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे, झाकलेली गटारं आहेत, गाळ साचायला खड्डे आहेत. नगररचनेचं कौतुक सगळे करतात. तो गाळ उपसायला कोण उतरत होतं, हे विचारणारा माणूस मला क्वचित भेटला. पुरोहिताशिवायही माणसांची उतरंड लावता येते, आणि ती लावलेली असेल तर तिची पाटी सापडत नाही. गटाराचा खड्डा तेवढा सापडतो.

मोहेंजोदारोच्या सगळ्यात उंच टेकाडावर आज कुषाण काळातला बौद्ध स्तूप उभा आहे. त्याच्या पोटात काय आहे हे खणल्याशिवाय कळणार नाही, आणि तिथलं मोठं उत्खनन तर १९६० च्या दशकापासून थांबलंय. उद्या तिथे खरंच देऊळ निघालं तर माझा अर्धा मुद्दा पडेल, खुशाल पडू दे. पण निघालंच तर गाभाऱ्यात कोण बसलंय यावर तुमची भांडणं चालू द्या. मी आधी शेजारच्या खोलीत धान्य मोजायचं माप मिळतंय का ते विचारणार आहे.