कागदी पिसांची टोपी

आज लेक शाळेतून कागदी पिसांची टोपी घालून आला. लाल, पिवळी, हिरवी पिसं, मागे स्टेपल मारलेलं. इथे अमेरिकेत नोव्हेंबरात असतो त्या थँक्सगिव्हिंग सणाची तयारी! अर्धा वर्ग पिलग्रिम (मेफ्लॉवर जहाजातून इथे आलेले इंग्रज), अर्धा 'इंडियन' (इथले मूळ रहिवासी). आमचं ध्यान अर्थातच इंडियन. (हसा, मीही हसले. दोन मिनिटं.)

मग जुलैतला तो माणूस आठवला आणि डोकं फिरलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडवर मॅशपी गावात चार जुलैच्या सुमारास वाम्पनोआग या तिथल्या मूळ जमातीचा पाववाव असतो. जत्राच म्हणा, मधोमध नाचाचं रिंगण. तो माणूस तिथे ईस्टर्न वॉर डान्स करून बाहेर आला होता. वाकून, दबकत, माग काढल्यासारखा नाच. अंगावर हरणाचं कातडं, गळ्यात क्वाहॉग शिंपल्याचे जांभळे मणी, घामाने ओघळलेला रंग. मी उत्साहाने विचारलं, "तुमच्या कॉस्च्यूमचा फोटो काढू?"

"काढा की. पण कॉस्च्यूम नाही, माझे कपडे आहेत."

आवाज चढवला नाही. रोजचंच असल्यासारखा बोलला. मग आइसबॉक्सवर बसून घटाघटा पाणी प्यायला आणि पुलावरच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या. शाळाशाळांतून नाच दाखवतो, इतिहास सांगतो म्हणाला. नोव्हेंबरात फोन थांबत नाही, डिसेंबरात कुणी ओळखत नाही. आणि मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही लोक अजून आहात?

अरे, तसली पिसांची टोपी त्यांची नाहीच! ती पश्चिमेच्या मैदानी जमातींची, हजार मैलांहून लांबची. 1621 च्या त्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसासॉइट 90 माणसं घेऊन आला, पाच हरणंही त्यांनीच मारून आणली. 1676 मध्ये त्याच्याच मुलाचं, मेटाकॉमचं, मुंडकं इंग्रजांनी त्याच प्लिमथमध्ये, पिलग्रिमांच्या गावात, खांबावर लावलं. वीसेक वर्षं तिथेच होतं! 1970 मध्ये मेफ्लॉवरच्या 350 वर्षांच्या सोहळ्यात बोलायला वॉमसुटा फ्रँक जेम्स या वाम्पनोआग नेत्यांना बोलावलं आणि भाषण वाचल्यावर म्हणे, बदला. त्यांनी नाही बदललं. प्लिमथच्याच कोल्स हिल टेकडीवर उभे राहून बोलले. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला तिथे शोकदिवस पाळतात.

बरं, पाच वर्षांच्या पोरांना मुंडकं कोण सांगणार? मान्य. वर्गाच्या बाई प्रेमळ आहेत, तेही मान्य.

आणि मी तरी कोण लागून गेले? कॉस्च्यूम म्हणणारी मीच. आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगंबाई, रेड इंडियन अजून असतात?" घ्या!

वाम्पनोआगांची भाषा बोलणारं शंभर वर्षांहून जास्त काळ कुणी उरलं नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड या बाईंनी 1993 पासून ती पुन्हा उभी केली, त्याच भाषेत छापलेलं 1663 चं बायबल आणि जुनी कागदपत्रं चाळून. त्यांची मुलगी त्या भाषेतच बोलायला शिकली. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

वर्गाच्या बाईंना ईमेल लिहायला घेतलाय. तीनदा खोडला. 'त्या माणसाला वर्गात बोलवा, मानधन देऊन, आणि शक्यतो मार्चमध्ये', एवढं एकच वाक्य टिकलंय.

लेक टोपी घालूनच झोपलाय. हळूच काढायला गेले तर झोपेतही घट्ट धरली.