थिबा राजाच्या गावाने म्यानमारबद्दल गप्प बसू नये

"म्यानमारचं आपल्याला काय?" असं रत्नागिरीचा माणूस म्हणतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश गिळला आणि तिथला शेवटचा राजा राणी-मुलींसकट आपल्याकडे आणून ठेवला. १९१६ साली तो इथेच वारला, त्याची समाधी शिवाजीनगरला आहे. आणि इथे जन्मलेले लोकमान्य टिळक त्याच काळात सहा वर्षांची शिक्षा भोगायला थेट मंडालेला. परक्या सरकारने माणूस उचलून समुद्रापार कोंडला की काय होतं, ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं हे गाव आहे.

आता आपल्या सरकारकडे येते. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकून सत्ता घेतली. २७ मार्चला त्यांचा सैन्यदल दिन होता. त्या एका दिवसात देशभरात शंभरावर नागरिक मारले गेले. त्या संचलनाला जेमतेम आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले होते, त्यात भारत होता. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या लष्कराविरोधात ठराव आला: ११९ देश बाजूने, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६. आपण तटस्थांत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत हिंसा थांबवा, कैदी सोडा असा ठराव आला, तेव्हा परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडे होतं. तरी चीन आणि रशियाबरोबर आपणही तटस्थच राहिलो.

सरकारची कारणं मी खोटी म्हणणार नाही. १,६४३ किलोमीटरची सीमा आहे, ईशान्येतले बंडखोर पलीकडे आसरा घेतात, चीन टपलेला आहे, म्यानमारच्या सित्वे बंदरातून मिझोरमला जोडणारा कलादान प्रकल्प अडकलाय. पण ज्या लष्कराला सांभाळायला हे सगळं केलं, त्याच्या हातात ती सीमा तरी उरली आहे का? कलादानच्या वाटेवरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर गटाने घेतलं. म्हणजे निव्वळ स्वार्थाचा हिशेब केला तरी हे धोरण जुनं झालं आहे.

आणि नुसतं गप्प बसलो असतो तर एक वेळ समजून घेतलं असतं. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालानुसार, सत्तापालटानंतर त्या लष्कराकडे गेलेल्या शस्त्रसामग्री आणि संबंधित मालापैकी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा माल भारतातून गेला. रशिया-चीनच्या मानाने आकडा लहान आहे, मान्य. पण अहवालाच्या आदल्याच महिन्यात पाझिजी गावावर विमानातून बाँब टाकून दीडशेच्या वर माणसं मारली होती. त्यात लहान मुलं होती. अशा लष्कराला भारतातून काहीही जाता कामा नये.

मला अभिमान वाटतो तो मिझोरमचा. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं, येणाऱ्यांना रोखा, परत पाठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की हे आम्हाला मान्य नाही. पलीकडचे चिन जमातीचे लोक मिझोंचे रक्ताचे नातेवाईक. चर्चनी, गावागावांनी, यंग मिझो असोसिएशनने तांदूळ गोळा केले, झोपड्या उभारल्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही कमी लोकवस्तीच्या त्या राज्याने तीस हजारांवर माणसं पोसली. आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, त्यामुळे हे सगळं माणसांच्या चांगुलपणावर चाललंय. उद्या राज्य सरकार बदललं, मन बदललं, तर त्या लेकरांनी कुणाकडे बघायचं?

भूकंपाच्या वेळी, मार्च २०२५ मध्ये, आपण ऑपरेशन ब्रह्मा केलं. नौदलाची जहाजं गेली, मंडालेत आपल्या लष्कराने इस्पितळ उभारलं. ते मनापासून कौतुकाचं काम. म्हणजे मनात आणलं तर आपल्याला जमतं.

आणि म्हणूनच त्याच वर्षीच्या मे महिन्यातली बातमी मला झोपू देत नव्हती. सुमारे चाळीस रोहिंग्यांना नौदलाच्या जहाजातून नेऊन म्यानमारच्या किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून, समुद्रात उतरवलं असा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने पुरावा मागितला, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाने चौकशी सुरू केली. आरोप खोटा असेल तर सरकारने उघड चौकशी करून तो खोटा ठरवावा, सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण मिरकरवाड्यापासून देवगडपर्यंत कुठल्याही तांडेलाला विचारा. पाण्यात माणूस दिसला तर जाळं सोडून त्याला आधी वर घेतात. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा, हे नंतर. आपल्याच देशाच्या जहाजावर याच्या उलट आरोप होतो आणि किनाऱ्यावरचे आपण त्यावर बोलतही नाही, हे मला सहन होत नाही.

कमेंटमध्ये "आधी आपल्या देशाचं बघा" येणार, माहीत आहे. हे आपल्या देशाचंच आहे. मत आपलं, जहाज आपलं, माल आपला.

माझ्या मागण्या तीनच. म्यानमारच्या लष्कराला जाणारी शस्त्रं आणि त्यांचे सुटे भाग बंद करा. जीव वाचवायला आलेल्या कुणालाही मागे ढकलू नका. समुद्रातल्या त्या आरोपाची चौकशी करून अहवाल संसदेत ठेवा. आपल्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात हे तीन प्रश्न विचारावेत म्हणून मी पत्र लिहिलं आहे. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नाव आणि गाव कळवा.